स्पिरिटवर वीज : गुंठाभर प्लॅटिनमचा हिशेब
(ऊस विकास विभागाकडून)



या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांच्यापलीकडे सहसा जात नाही. या वेळी मात्र विषय थोडा आडवाटेचा घेतला आहे, आणि त्यास कारणही तसेच घडले आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील काही गावांत सध्या एक छापील माहितीपत्रक फिरत आहे. बगॅसपासून 'नॅनो कार्बन' तयार करावयाचा, तो मेथॅनॉलवर वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांत वापरावयाचा, त्यामुळे बगॅसला सध्याच्या कितीतरी पट भाव येणार, सबब सभासदांनी आजच ठेव भरून आपला हिस्सा राखून ठेवावा, असा त्याचा आशय आहे. पत्रकात शास्त्रीय शब्दांची खैरात आहे. शब्द सगळे खरे आहेत, त्यात खोटे काही नाही. पण खऱ्या शब्दांनी केलेला हिशेब खरा असतोच असे नाही. तो हिशेब आपण या लेखात मांडून पाहू.

दुसरे कारण आलापल्लीचे. आपले काही सभासद गेल्या हंगामाआधी हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहण्यास गेले होते, आम्हीही सोबत होतो. त्या वाटेवर अहेरी तालुक्यात आलापल्ली लागते. सागवानाचे गाव. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी जे सागवान गेले ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातले. येथला सहा हेक्टरांचा जुना जंगलाचा तुकडा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने राखून ठेवलेला असून २०१४ साली त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. झाडाच्या बुंध्याशी उभे राहून वर पाहावे तर टोपी पडते. रात्री तिथे वीज गेली आणि मोबाइलच्या टॉवरखालचे डिझेल जनरेटर धडधडू लागले. तेव्हा एका सभासदाने सरळ प्रश्न टाकला, "साहेब, एवढ्या रानात डिझेल वाहून आणायचं, त्यापेक्षा आपल्या मळीच्या स्पिरिटवर हे का चालत नाही?" प्रश्न भाबडा नाही. शहाणीसुरती माणसे याच प्रश्नामागे कैक वर्षे लागलेली आहेत. त्याचे उत्तर आणि पत्रकाचे उत्तर एकाच जागी सापडते, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

आधी मेथॅनॉल म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण त्याचा आणि जंगलाचा संबंध जुना आहे. जंगलात कोळसा पाडताना भट्टीतून जो धूर निघतो तो नुसता धूर नव्हे. लाकूड हवेशिवाय तापवले की त्यातून वाफा निघतात. त्या थंड केल्या तर पाणी, डांबर, सिरक्यातले आम्ल आणि थोडेसे मेथॅनॉल मिळते. म्हणून इंग्रज लोक त्यास लाकडाचे स्पिरिट म्हणत. इंग्लंडच्या रॉबर्ट बॉइल यांनी १६६१ साली ते लाकडातून वेगळे केल्याची नोंद आहे. मात्र शंभर किलो वाळलेल्या लाकडातून जेमतेम एक-दोन किलो मेथॅनॉल हाती येते, बाकी सगळा खटाटोप. आपल्याकडे हा उद्योग मोठ्या प्रमाणावर म्हैसूर संस्थानाने केला. भद्रावती येथे १९२३ साली लोखंडाचा कारखाना सुरू झाला. (ही भद्रावती कर्नाटकातली, चंद्रपूरजवळची नव्हे.) तेथे भट्टीसाठी लाकडाचा कोळसा पाडत आणि त्याच्या वाफांतून मेथॅनॉल, डांबर वगैरे काढून घेत. गंमत अशी की, त्याच १९२३ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीने कोळशापासून तयार केलेल्या वायूपासून कारखान्यात मेथॅनॉल बनवण्यास प्रारंभ केला आणि लाकडाच्या स्पिरिटाचे दिवस तिथेच भरले. आज जगातले बहुतेक सर्व मेथॅनॉल नैसर्गिक वायू नाहीतर दगडी कोळसा यांपासून होते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायू तांबे व जस्त असलेल्या उत्प्रेरकावरून दाबाखाली नेले की मेथॅनॉल बनते. बगॅसपासूनही हा वायू करता येतो हे खरे. पण त्याला लागणारी यंत्रसामग्री म्हणजे दुसरा एक कारखानाच होय.

आपल्या डिस्टिलरीत मळीपासून होते ते इथेनॉल. दोघांची नावे भावाभावांसारखी, रंग नाही, वासही जवळपास सारखा. पण स्वभाव निराळा. मेथॅनॉल पोटात गेले की यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आणि ते प्रथम डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. दहा मिलिलिटर इतक्या अल्प मात्रेनेही दृष्टी गेल्याची उदाहरणे आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरांहून अधिक माणसे विषारी दारूने दगावली, ती या मेथॅनॉलमुळेच. तेव्हा पत्रकवाला नमुना म्हणून बाटली दाखवू लागला तर ती हुंगूसुद्धा नका, आणि घरात तर मुळीच ठेवू नका. शेतात पाण्याच्या बाटलीत औषध ओतून ठेवण्याची आपल्याकडे जी खोड आहे, ती इथे प्राणाशी गाठ घालील.

आता वीज. स्पिरिट जाळून इंजिन फिरवणे आणि त्यावर जनित्र चालवणे, ही एक रीत झाली. दुसऱ्या रीतीत काही जळत नाही आणि काही फिरतही नाही. तीस इंधन घट म्हणतात. वेल्सच्या विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्यावर चालणारा असा घट करून दाखवला, आणि त्याच्याही पट्ट्या प्लॅटिनमच्याच होत्या. मेथॅनॉलच्या घटात मधोमध एक पातळ प्लॅस्टिकसारखा पडदा असतो. त्यातून फक्त हायड्रोजनचे विद्युतभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पलीकडे जातात. एका बाजूस पाण्यात मिसळलेले मेथॅनॉल येते, साधारण शंभरात तीन भाग. दुसऱ्या बाजूस साधी हवा. इंधनाच्या बाजूस मेथॅनॉलचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू मिळून कार्बन डायऑक्साइड, सहा प्रोटॉन आणि सहा इलेक्ट्रॉन होतात. प्रोटॉन पडद्यातून जातात, इलेक्ट्रॉनांना मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते. तो वळसा म्हणजेच वीज. पलीकडे हवेतल्या ऑक्सिजनशी सगळे एकत्र येऊन पाणी होते. कागदावर एका घटाला १.२१ व्होल्ट मिळावयास हवेत. प्रत्यक्षात काम करताना चार-पाच दशांश व्होल्टच पदरात पडतात. मग असे घट एकावर एक रचून चळत करतात.

ही क्रिया आपोआप होत नाही. मेथॅनॉल आणि पाणी एकत्र ठेवले तर वर्षभर तसेच राहील. त्यास फोडण्यासाठी उत्प्रेरक लागतो. विरजणाचा दाखला देण्याचा मोह होतो, पण विरजण दह्यात वाढते, उत्प्रेरक वाढत नाही आणि खर्चीही पडत नाही. तो फक्त आपल्या पाठीवर जागा देतो. रेणू त्याच्या पृष्ठभागावर येऊन टेकतात, तिथे फुटतात, जोडले जातात आणि निघून जातात. थोडक्यात, काम होते ते धातूच्या पृष्ठभागावर. आतला धातू फुकटचा बसून खातो. या कामाला आजवर सर्वांत चांगला सापडलेला धातू प्लॅटिनम. तो सोन्याच्या पंगतीतला, आणि जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते.

इथे आपल्या ओळखीचे माप घेऊ. एक ग्रॅम प्लॅटिनमचा चौकोनी खडा केला तर तो साडेतीन मिलिमीटरहून किंचित मोठा, मुगाच्या दाण्याएवढा होईल. धातू जड असतो ना! त्या खड्याचा सगळ्या बाजूंचा मिळून पृष्ठभाग भरतो पाऊण चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढा. आता तोच एक ग्रॅम बारीक करत जाऊ. ढेप फोडली की गूळ लवकर विरघळतो, हे आपणास ठाऊक आहे, तोच न्याय इथे. १० नॅनोमीटरचे गोल कण केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग होतो सुमारे २८ चौरस मीटर. आणखी बारीक करून ३ नॅनोमीटरवर आणले तर तो होतो ९३ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे मुगाच्या दाण्याएवढ्या धातूचे क्षेत्र जवळजवळ गुंठाभर झाले! नखाएवढ्या जागेच्या सुमारे बारा लाख पट. धातू तेवढाच, वजन तेवढेच, फक्त जमीन वाढली. नॅनोचे सगळे गौडबंगाल म्हणतात ते एवढेच आहे, त्यात जादू काही नाही.

नॅनो हा शब्द आपणास २०२१ पासून इफ्कोच्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमुळे परिचित आहे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. साखरेचा मध्यम दाणा एक मिलिमीटरच्या आसपास धरला तर ३ नॅनोमीटरचा कण त्याच्यापेक्षा तीन लाख पटींहून लहान. अशा एका कणात प्लॅटिनमचे जेमतेम हजारभर अणू असतात.

मग आणखी बारीक का करू नये? कारण बारीक कण स्वस्थ बसत नाहीत. पावसाळ्यात युरियाचे पोते दमटले की त्याचा दगड होतो, तसे हे कण एकमेकांस चिकटून मोठे होऊ पाहतात, काही विरघळून दुसऱ्या कणावर जाऊन बसतात. दोन नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर हा त्रास फार वाढतो. यास्तव कणांना एकमेकांपासून अंतर राखून बसवणे भाग पडते. ओळीत दोन टिपऱ्यांमध्ये अंतर का ठेवतो, हे सभासदांना सांगावयास नको. ही बसण्याची जमीन म्हणजे कार्बन.

कार्बनच का? तो वीज वाहून नेतो. कण नुसता कामाचा असून भागत नाही, त्याने सोडलेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचला पाहिजे. तो आम्लात टिकतो. तो स्वस्त आहे. आणि त्यालाही भरपूर जागा असते. या कामासाठी बाजारात मिळणारी नेहमीची काजळी एका ग्रॅमला सुमारे २५० चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठे भरते. क्रियाशील कोळसा, जो पाणी गाळण्यास व साखरेचा रस निवळण्यासही वापरतात, तो एका ग्रॅमला हजार चौरस मीटरपर्यंत जातो. चार ग्रॅम कोळशात एक एकर! बांधावरून भांडणाऱ्यांनी हे वाचून मनाचे समाधान करून घ्यावे.

कार्बनवर धातू चढवण्याची रीत बीजप्रक्रियेशी बरीच जुळते. आपण हरभऱ्याला गुळाच्या पाण्यात कालवून रायझोबियम चोळतो, दाण्यावर सारखा थर बसावा म्हणून. इथे प्लॅटिनमचे आम्लातले द्रावण कार्बनमध्ये मुरवतात, मग सोडियम बोरोहायड्राइडसारखे रसायन घालून किंवा वाळवून हायड्रोजन वायूत तापवून त्या द्रावणातला धातू कणांच्या रूपाने जागच्या जागी बसवतात. घाई केली, कालवणे नीट झाले नाही, तर एकीकडे ढेकळे आणि दुसरीकडे कोरडी जमीन. द्रावणातला क्लोराइडचा अंश धुऊन काढावा लागतो, नाहीतर तो उत्प्रेरकाला बाधतो. सगळी कला या कालवण्यात आणि धुण्यात आहे. प्रयोगशाळा वर्षानुवर्षे यातच बुडालेल्या असतात.

आता मेथॅनॉलची खरी अडचण. ती समजली की पत्रकाचे अर्धे पाणी जोखता येते. मेथॅनॉल प्लॅटिनमवर टेकले की त्यातील हायड्रोजन एकेक करून सुटतात, आणि शेवटी कार्बन मोनॉक्साइड उरतो. तो प्लॅटिनमला असा घट्ट चिकटतो की उठता उठत नाही. हंगामात वजनकाट्यावर एखादी उसाची गाडी बंद पडली तर मागे काय होते ते आठवा. काटा चांगला आहे, माणसे जागेवर आहेत, पण रांग मात्र फाट्यापर्यंत गेली आहे. ती गाडी ओढून बाहेर काढणारा ट्रॅक्टर म्हणजे रुथेनियम नावाचा दुसरा धातू. प्लॅटिनमच्या शेजारी रुथेनियमचे अणू बसवले की ते पाण्यातून ऑक्सिजनचा अंश लवकर उचलतात आणि शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडला देतात. त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो उडून जातो, काटा मोकळा. जपानच्या वातानाबे आणि मोटू यांनी १९७५ साली हा दोन धातूंचा भागीदारीचा विचार मांडला. तेव्हापासून इंधनाच्या बाजूस प्लॅटिनम-रुथेनियम निम्मेनिम्म हा नेहमीचा पाठ झाला आहे. पण रुथेनियमही दुर्मिळच, आणि हळूहळू विरघळून पडद्यापलीकडे निघून जाण्याची त्याला खोड आहे. शिवाय मेथॅनॉल स्वतःही थोडेसे पडद्यातून झिरपते आणि हवेच्या बाजूस वाया जाते. शुद्ध मेथॅनॉल न घालता पाणी फार घालून पातळ करतात ते यासाठीच.

आपल्या देशात या विषयावर काम नवे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अशोक शुक्ला यांच्या गटाने मेथॅनॉलच्या घटांवर दीर्घकाळ संशोधन केले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची विद्युतरसायन संस्था आणि केपीआयटी कंपनी यांनी २०२० साली पुण्यात हायड्रोजनच्या घटावर चालणारी मोटारगाडी चालवून दाखवली आणि २०२२ साली बस. त्या गाड्यांत मेथॅनॉल नव्हे, हायड्रोजन लागतो. हायड्रोजन प्लॅटिनमला चिकटून बसत नाही, म्हणून धातू पुष्कळच कमी पुरतो. मोबाइल टॉवरसाठी तिसरी एक रीत निघाली. मेथॅनॉल व पाणी तापवून आधी त्यातून हायड्रोजन काढावयाचा आणि तो घटात सोडावयाचा. २०१३ साली रिलायन्स जिओने कॅनडाच्या बॅलार्ड कंपनीकडे या प्रकारच्या संचांची मागणी नोंदवली होती. म्हणजे टॉवरखाली स्पिरिट ही आमच्या सभासदाची कल्पना हवेतली नव्हती.

तर मग आलापल्लीच्या पलीकडे हे संच का दिसत नाहीत? हिशेब करू. सरळ मेथॅनॉलवर चालणारे लहान संच जर्मनीची एसएफसी एनर्जी ही कंपनी विकते. त्यांत १० लिटर मेथॅनॉलच्या डब्यातून सुमारे ११ युनिट वीज मिळते. डिझेलचे जनरेटर बऱ्यापैकी भारावर चालले तर एका लिटरला तीन युनिटच्या आसपास देते. टॉवरला दोन किलोवॅट धरले तर दिवसाला ४८ युनिट लागतील, म्हणजे डिझेल १६ लिटर, मेथॅनॉल ४३ लिटर. जे कमी वाहावे लागावे म्हणून मेथॅनॉल आणावयाचे, तेच जास्त वाहावे लागते. टॉवरसाठी आजच्या घडीला सौर पत्रे आणि बॅटऱ्या व मागे राखीव जनरेटर हीच रीत आम्हांस शहाणपणाची दिसते.

पण लहान कामाचा हिशेब निराळा निघतो. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना पर्लकोटा नदी लागते. पावसाळ्यात तिला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, कधी कधी कित्येक दिवस. ढगांमुळे सौर पत्रे अर्धपोटी, डिझेल अलीकडच्या तीरावर. अशा ठिकाणी दवाखान्यात लसींचा फ्रीज आणि चार दिवे यांना दिवसाला दोन युनिट धरली तर १० लिटरचा एक डबा पाच-सहा दिवस काढतो. यंत्राला आवाज नाही, राखण नाही, बॅटरी उतरली की आपोआप चालू आणि भरली की बंद. जनरेटर एवढ्या हलक्या भारावर चालवले तर डिझेल नुसते पिते. म्हणून लष्करी ठाणी, हवामान यंत्रे, दूरची राखीव केंद्रे अशा जागी हे संच वापरतात. जागा खरी तिथे आहे, आपल्या विहिरीवर नाही.

विहिरीचे नाव निघाले म्हणून तोही हिशेब करून टाकू, कारण पत्रकात 'शेतीपंपासाठी उपयुक्त' असे ठळक टाइपात आहे. मेथॅनॉलच्या चांगल्या घटातून एका चौरस सेंटिमीटरला एक दशांश वॅट शक्ती मिळते असे धरा, हे उदार माप झाले. दोन्ही बाजू मिळून तेवढ्याच जागेला ४ मिलिग्रॅम मौल्यवान धातू धरा. एक किलोवॅटला दहा हजार चौरस सेंटिमीटर लागतील, म्हणजे ४० ग्रॅम धातू. जुन्या मापाने साडेतीन तोळ्यांजवळ. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॅट, त्यास सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तेरा तोळे! आणि मोटारीचे व पंपाचे नुकसान सोडून तासाला सव्वातीन ते साडेतीन लिटर मेथॅनॉल. लेकीच्या लग्नातला दागिना विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून राखणीला कोण बसणार?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बगॅसचा कार्बन. बगॅसपासून चांगला कार्बन होतो का? होतो. त्यावर प्रयोग झालेले आहेत आणि आम्ही त्यांस हसत नाही. बगॅसच्या राखेत सिलिका असते, ती धुऊन काढावी लागते. नुसता कोळसा वीज नीट वाहत नाही, त्यासाठी तो फार उष्णतेवर भाजावा लागतो. आणि अतिबारीक छिद्रे फार झाली तर धातूचे कण त्यांत दडून बसतात, इंधन तिथवर पोचत नाही, म्हणजे मोलाची जमीन पडीक. हे सगळे सुटले असे समजा. तरीही प्रश्न उरतो तो मालाच्या खपाचा.

एक किलोवॅटच्या यंत्रात ४० ग्रॅम धातू, तो शंभरात चाळीस या प्रमाणात चढवला तर कार्बन किती लागला? ६० ग्रॅम. अशी हजार यंत्रे विकली तर ६० किलो. वाळलेल्या बगॅसचा शंभरात बारा भाग कार्बन हाती आला असे धरा, तर ५०० किलो वाळलेले बगॅस लागेल. मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, म्हणजे एक टन. रोजी २५०० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात २८ टक्क्यांनी दिवसाला ७०० टन बगॅस निघते. हजार यंत्रांचा सबंध कार्बन पहिल्या पाळीच्या पहिल्या पाच मिनिटांत पट्ट्यावरून निघून जातो! मग उरलेल्या हंगामाच्या बगॅसला पटींनी भाव कोण आणि कशासाठी देणार, हे पत्रकात कोठेही लिहिलेले नाही. या यंत्रात कार्बन ही स्वस्तातली वस्तू आहे, महाग आहे तो धातू आणि पडदा. स्वस्त वस्तूचा मालक होण्यासाठी ठेव कशाला भरावयाची?

बगॅस आपल्या बॉयलरमध्ये जाते, त्यावर गाळप चालते, जिथे सहवीज प्रकल्प आहे तिथे वीज विकून पैसा येतो आणि तो शेवटी उसाच्या दरात पोचतो. ते सोडून दुसरीकडे वळवावयाचे तर मोबदला कागदावर दिसला पाहिजे.

मळीच्या स्पिरिटाचे तेवढे सांगावयाचे राहिले. इथेनॉलवर सरळ इंधन घट चालतो का? चालतो, पण अडखळत. मेथॅनॉलमध्ये कार्बनचा एकच अणू, इथेनॉलमध्ये दोन एकमेकांस घट्ट जोडलेले. ही जोडी प्लॅटिनमला सहजासहजी तुटत नाही. इथेनॉल पुरते फुटले तर एका रेणूमागे १२ इलेक्ट्रॉन मिळावयास हवेत. ते बहुधा सिरक्याच्या आम्लापर्यंत जाऊन थांबते आणि चारच मिळतात. ऊस एका मिलमधून एकदाच काढून दोन तृतीयांश रस चिपाडात सोडून दिल्यासारखे हे झाले. प्लॅटिनमबरोबर कथील घालणे, आम्लाऐवजी क्षाराचा पडदा वापरून पॅलेडियम लावणे, असे उपाय चालू आहेत. हवेच्या बाजूस प्लॅटिनम टाळून लोखंड आणि नायट्रोजन घातलेला कार्बन वापरण्याचेही काम जगभर जोरात आहे. आलापल्लीपासून थोड्याच अंतरावर सुरजागडला लोखंडाचा अख्खा डोंगर उभा आहे, त्यामुळे धातू कमी पडण्याची भीती निदान तिथे नाही! यातले काही जमले तर आमच्या सभासदाचा प्रश्न पुन्हा नव्याने मांडावा लागेल. तोवर आपल्या इथेनॉलला पेट्रोलचे गिऱ्हाईक आहे. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. बंद घटातल्या अर्धवट सिरक्यापेक्षा ते गिऱ्हाईक आज बरे.

ज्या सभासदांकडे हे पत्रक आले असेल त्यांनी ते घेऊन गट कार्यालयात यावे. पत्रक घेऊन येणाऱ्यास चार गोष्टी लेखी विचाराव्यात. एका किलोवॅटमागे धातू किती ग्रॅम आणि तो कोणाच्या पैशाने येणार? कार्बन वर्षाला किती किलो खपणार आणि घेणाऱ्याची मागणी कागदावर आहे काय? यंत्र सलग किती तास चालून दाखवले, आणि शेवटी त्याची शक्ती किती उरली? मेथॅनॉल साठवण्याचा व हाताळण्याचा परवाना कोणाच्या नावे आहे? यांपैकी एकाचेही उत्तर 'ते पुढे बघू' असे आले तर पाकीट खिशातच असू द्यावे. ज्यांनी ठेव आधीच भरली आहे त्यांनी संकोच करू नये. येताना पावती तेवढी सोबत आणावी, आणि पावती दिलेली नसेल तर कोणत्या तारखेस, कोणासमक्ष पैसे दिले ते घरूनच कागदावर लिहून आणावे.